मागचे दोन स्पीकर

एकट्या राहणाऱ्या आजोबांची तक्रार साधी होती. "डिशवर दोनशे चॅनेल, घरात पाच स्पीकर, आणि आवाज मात्र पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा!"

मेकॅनिकने बाह्या सरसावल्या. जुनी वायर काढून नवी केबल जोडली, डिशच्या बॉक्सचं सेटिंग साध्या स्टिरिओवरून सराउंडवर नेलं आणि एक मालिका लावून दिली. समोरच्या तीन स्पीकरमधून माणसं खणखणीत बोलायला लागली. सोफ्यामागच्या दोन्हींतून मात्र बोलणं नाही, नुसती वर्दळ: दार लोटल्याचा, भांडं ठेवल्याचा, कुणीतरी चालत गेल्याचा आवाज.

आजोबांनी चटकन मागे वळून पाहिलं.

"घाबरू नका, ते असंच असतं," मेकॅनिक हसला. आपल्या कामावर तो बेहद्द खूश होता.

आठवड्याने तो विसरलेली पक्कड न्यायला आला, तर टीव्हीचा पडदा बंद, डिशचा बॉक्स तेवढा चालू आणि समोरच्या तिन्ही स्पीकरच्या वायरी उपटलेल्या. आजोबा सोफ्यावर निवांत पेपर वाचत बसले होते. त्यांच्या पाठीमागे कुणीतरी कपाट उघडलं, काहीतरी ठेवलं, हळूच लावलं.

"अहो आजोबा, माझ्या कामाची पार वाट लावलीत की! थांबा, बोलणारे स्पीकर आधी जोडून देतो."

"राहू दे रे," आजोबा पेपरातून मान वर न करता म्हणाले.

 

"आमची ही कामात असली की अशीच गप्प असायची."