हरभऱ्याचं विरजण

गुळाचं पाणी. पालथा रांजण. दोन अंगणांमधली भिंत. पोत्यातलं बियाणं.

पिंपळगाव राजाच्या शिवारात हरभऱ्याची पेरणी तोंडावर आली आणि पंजाबराव गेले. सुतकाच्या रीतीप्रमाणे बायकांनी घरातलं साठवणीचं सगळं पाणी ओतून दिलं. निळ्या ड्रमासमोर मात्र त्यांची पत्नी कोकिळा उभी राहिली. पिकावरचा मर रोग रोखणारे जिवाणू पंजाबराव त्यात गुळाच्या पाण्यावर वाढवायचे. दह्यासारखं थोडं मागं ठेवून पुन्हा विरजण लावायचे.

"मामी, हे साधं पानी नाही हो. यानंच आपला हरभरा जगते."

"माणूस जगला काय त्यानं? व्हय बाजूले!" चुलत सासूनं ड्रम कलंडवला.

चौथ्या दिवशी धाकटा दीर गोपाल भिंतीपलीकडून आला. भिंत घातल्यापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. त्यानं भरलेली कॅन ओट्यावर ठेवली.

"वहिनी, याचं विरजण लावा. दादाचंच हाय. घरात कोनी नाही असं पाहून ड्रमातून चोरून नेलं होतं मी. दादाले सांगाचं राहूनच गेलं. त्याले अखेरपर्यंत मालूम नाही पडलं."

कोकिळानं कॅन जवळ ओढली.

 

मागच्या दिवाळीत गोपाल रिकामी कॅन घेऊन अंगणात शिरला, तेव्हा पंजाबरावांनी कोकिळाला हाताला धरून आत घेतलं होतं आणि आवाज न करता दार लोटलं होतं.