तळ्याअलीकडचं वळण

"काकू, पुढं बसा. मागं फार आदळतं," जीपवाला म्हणाला.

बाईंनी नको म्हटलं आणि त्या मागच्याच बाकावर चढल्या. निवृत्त होऊन शाळा सुटली होती, पण 'बाई' हे नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच. मागोमाग ते चढले, गुडघ्याला हात लावून, कण्हत. विश्रामगृहातल्या गाद्यांनी दोघांच्याही पाठी धरल्या होत्या. बाईंनी पिशवी मध्ये ठेवली, तिच्यातून शाल काढून न विचारता त्यांच्या मांडीवर टाकली. त्यांनीही ती मुकाट्यानं गुडघ्यांभोवती गुंडाळून घेतली.

जीपवाल्याला सगळे हमखास म्हणत, कारण त्याच्या जीपमधून वाघ हमखास दिसतो अशी ख्याती होती. ती बहुधा त्यानंच पसरवलेली असावी. या जंगलात तो याच मोसमात कामाला आला होता. फाटक ओलांडेपर्यंत त्यानं दोघांना बोलतं केलं. काका-काकू दरवर्षी याच दिवसांत येतात आणि इतक्या वर्षांत वाघाची शेपटीसुद्धा त्यांना दिसलेली नाही, हे ऐकून त्याला स्वतःचाच अपमान झाल्यासारखं वाटलं.

"आज दाखवतो म्हणजे दाखवतो."

"दिसला तर बघू," ते म्हणाले. "आधी तळ्याअलीकडच्या वळणावर थोडं थांबायचं."

बाईंना सगळ्याचाच कंटाळा आला होता. धुळीचा, गारठ्याचा, अंगातली हाडं मोजून घेणाऱ्या या रस्त्याचा. निघताना मुलगा म्हणाला होता, आई, पुरे कर आता, यातून काय मिळतं तुला? बाईंच्याही वर्षभर मनात यायचं की यंदा जायचं नाही, आणि दिवस जवळ आले की हात आपोआप पिशवी भरायला लागायचे. यंदा मात्र त्या ठरवून आल्या होत्या. पुढच्या वर्षी नाही, एवढं त्यांना सांगून टाकायचं. ते दुखावतील या धास्तीनं बाईंच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

बाईंनी थर्मास काढला. त्यांचा चहा बिनसाखरेचा, म्हणून तो वेगळ्या थर्मासात. "घ्या, गरम आहे तोवर."

"तुम्ही आधी घ्या. गारठला आहात."

हमखासनं आरशातून पाहिलं आणि हसला. बायकोला अहो-जाहो करणारा माणूस आपण पहिल्यांदाच बघतोय, असं तो म्हणाला. आपण घरी असं बोललो तर बायको सरळ डॉक्टरकडे घेऊन जाईल. ते किंचित हसले. बाई बाहेर बघत राहिल्या.

थोडं पुढं गेल्यावर उजवीकडून माकडं ओरडली, मग हरणं. समोरच्या जीपा धूळ उडवत तिकडं वळल्या. हमखासनंही चाक फिरवलं.

"आधी वळण," बाई म्हणाल्या. शाळेतला आवाज अजून शाबूत होता.

वाघ काय आपल्यासाठी ताटकळत बसणार आहे का, अशा अर्थाचं तो बरंच पुटपुटला. पण जीप उतारावर नेऊन त्यानं थांबवली. वळणाला सिमेंटचा कठडा होता. त्याच्याखाली खोल घळ, तिच्यात झाडोरा माजलेला. ते कठड्याकडे बघत होते, बाई घळीकडे.

"पुढच्या वर्षी मला जमायचं नाही," बाई शेवटी म्हणाल्या.

ते गुडघ्यांवरची शाल काढून तिची घडी घालत बसले. मग म्हणाले, "मीही तेच सांगणार होतो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून जीभ रेटत नव्हती."

बाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि त्याच क्षणी कुठंतरी खुपलंही. इतकं सोपं होतं, तर मग एकमेकांसाठी म्हणून दोघं दरवर्षी फरफटत कशाला येत होतो?

तेवढ्यात हमखासनं श्वास रोखला. हातही न हलवता त्यानं हनुवटीनं खुणावलं. घळीतून वाघ वर येत होता. कठडा संपतो तिथून तो रस्त्यावर आला आणि जीपपुढून, भाजी घेऊन घरी निघालेल्या माणसासारखा, निवांत चालत गेला. एकदा थांबून त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, यात काही विशेष नाही असं ठरवल्यासारखी मान फिरवली आणि गवतात शिरला.

बाईंच्या डोळ्यांना धार लागली. ते रुमाल पुढं करून नुसते बसून राहिले.

"त्यांना दिसला असेल का हो?" बाईंनी हळूच विचारलं.

हमखासला वाटलं, मघाच्या जीपवाल्यांबद्दलच विचारताहेत. "त्यांना कुठला दिसतोय," तो खुशीत म्हणाला. "उगाच घाई करून गेले बिचारे."

बाईंनी रुमाल घेतला आणि डोळ्यांवर दाबून धरला.

हमखास आता सुटलाच होता. हा सगळा जोडीचा पायगुण, अशी जोडी हजारात एक सापडते, असं बरंच काही बोलून झाल्यावर तो मागं वळला. "काका, लग्नाला किती वर्षं झाली तुमच्या?"

ते बाईंकडे बघत राहिले. बाईंनी रुमाल खाली घेतला.

"आमचं लग्न झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "हा कठडा नव्हता तेव्हा इथं एक जीप उलटली. तिच्यात माझे मिस्टर होते, आणि यांची बायको. मला सांगून गेले होते, ऑफिसच्या कामाला चाललोय."

"मला म्हणाली होती, माहेरी जातेय," ते म्हणाले.