खुर्चीवरची राणी

माकणीच्या जत्रेतल्या नाटकात मी राजा. संशयापायी राणीला मारून मग तिच्यासाठी रडणारा. नटी सोलापूरहून प्रयोगादिवशीच येणार, म्हणून महिनाभर तालमीत बायकोची साडी पांघरलेली खुर्ची हीच माझी राणी. तिच्यावर मनसोक्त गरजायचो. आज दुपारी खुर्चीच्या जागी खरी नटी उभी राहिली आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघू लागली. माझं वाक्यच पळालं. पाणी प्यालो, येरझाऱ्या घातल्या, फेटा सोडून बांधला. ती बघतच होती. "मान खाली घाला की," मी वैतागून म्हणालो. "राणीनं काहीच केलं नाही. मान कशाला खाली घालू?" नाटक बसवणारे गुरुजी ओरडले, "आरं, खुर्चीसमोर तर लई झकास बोलत होतास!" मी नजर वळवली. दारात बायको चहा घेऊन उभी होती. तिनं सवयीनं मान खाली घातली. मला वाक्य लख्ख आठवलं.