हौदातली हिरवळ

बूट शिवणाऱ्याच्या मुलीने शाळेतून येताना ओल्या रुमालात गुंडाळून एक रोप आणलं होतं. बोटभर देठ, बारीक पण मांसल पानं. "हे पाण्यात पण जगतं आणि काठावर पण, बाबा," असं म्हणत तिने ते अंगणातल्या हौदात सोडलं. त्याच महिन्यात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. सात वर्षांची होती.

रोप मात्र फोफावलं. दीड वर्षात हौदातलं पाणी दिसेनासं झालं, मासे मेले. कितीही उपटलं तरी नखाएवढ्या तुकड्यातून पुन्हा जाळं पसरायचं.

"ओढ्यात गेलं तर ओढा गिळेल," शेजारी म्हणाले. शेवटी बापाने मन घट्ट करून हौद काळ्या प्लॅस्टिकने झाकला, कडांवर विटा ठेवल्या. बायको त्या दिवशी जेवली नाही. "तिच्या हातचं तेवढंच उरलं होतं," एवढंच म्हणाली.

सहा महिन्यांनी, भर दुपारी, दोघांनी मिळून प्लॅस्टिक उचललं. उजेडावाचून सगळं जाळं सडून काळं पडलं होतं. फक्त कडेला दोन जागा हिरव्यागार होत्या. वाकून पाहिलं तर ती पावलं होती. टाच, पाचही बोटं, आणि बोटं घराच्या दिशेला.

बायको पावलांशेजारी बसली. "तिचीच आहेत ना हो?"

मुलीचे सगळे बूट त्यानेच शिवले होते. त्याने हात पुढे करून वीत लावली.

"तिचीच," तो म्हणाला. पुन्हा एकदा वीत लावली. "पण माप नऊ वर्षांचं आहे."