एका कॉम्प्युटरवरची कंपनी

"हे अजून चालतंय?" हेमचंद्रने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता हसला.

रावसाहेबांच्या टेबलावर जुना कॉम्प्युटर घरघरत होता. पडद्यावर करड्या चौकटी. बंदरात येणाऱ्या जहाजांना भाजीपाला, दोर, औषधं पुरवणाऱ्या या कंपनीचा सगळा कारभार त्या एका डेटाबेसमध्ये होता. रावसाहेबांनी तो एकट्याने बांधला, चौदा वर्षं एकट्याने सांभाळला. आता २०१४ साल उजाडलं होतं आणि सगळं क्लाउडवर न्यायला हेमचंद्रची नेमणूक झाली होती.

"दहा आठवडे लागतील म्हणतात मिस लिम," रावसाहेब मॅनेजरबाईंचा अंदाज सांगत म्हणाले.

"सहा. ही असली खेळणी मी पुण्यात कॉलेजात असताना करायचो."

"बरं."

हेमचंद्रला या 'बरं'चीच चीड येई. ही जात त्याच्या ओळखीची होती. एकदा प्रोग्रॅम लिहायचा आणि जन्मभर त्यावर वेटोळं घालून बसायचं. रावसाहेब इथे परदेशात, क्लेमेंटी भागात एका खोलीत भाड्याने राहत. बायको, हिरा, नांदेडला. दोन वर्षांतून एकदा दहा दिवस घरी, तेही फोन कानाला लावून.

"बायको तिकडे आणि हा त्या डबड्याशी संसार करतोय," सेरंगून भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये जेवताना तो बायकोला, मेधाला म्हणाला. "काढून घेतलं तर रडेल बघ."

"तू नीट बोलतोस ना त्यांच्याशी?"

"बोलायचंय काय त्यांच्याशी?"

तिसऱ्या आठवड्यात रावसाहेब आपणहून त्याच्या टेबलाशी आले. "काही जहाजांच्या नावापुढे टिंब आहे. त्याचा अर्थ सांगून ठेवू?"

"टिंबं उडवली मी. डेटा स्वच्छ हवा."

"काही गोष्टी प्रोग्रॅममध्ये नाहीत, वहीत लिहिल्यात. वही देऊ?"

"वह्या कोण वाचतं आता, रावसाहेब? संग्रहालयाला द्या."

दोन टेबलं सोडून बसलेली प्रणिता खुदकन हसली. रावसाहेबांनी वही परत पिशवीत घातली. त्यांचा चेहरा अगदी शांत होता. हेमचंद्रने मनात म्हटलं, आतून पेटला असेल.

सहाव्या आठवड्यात नवी सिस्टीम सुरू झाली. टाळ्या झाल्या, केक कापला गेला. रावसाहेबांनी एक कागद पुढे केला. सर्व कामाची माहिती मिळाली, कसलीही शंका उरलेली नाही, असा मजकूर होता. हेमचंद्रने उभ्या उभ्या सही ठोकली. जुना कॉम्प्युटर त्याने स्वतःच्या हाताने बंद केला आणि रावसाहेबांकडे बघितलं. ते रुमालाने चष्मा पुसत होते. त्याला फार बरं वाटलं.

सोमवारी तो मिस लिमकडे गेला. जिंकलेल्या माणसाला थोडं उदार व्हायला हरकत नसते.

"रावसाहेबांना कुठेतरी चिकटवून ठेवा. पत्रव्यवहार वगैरे बघतील. या वयात बिचारे जातील कुठे?"

मिस लिमने मान वर केली. "ते कालच गेले, कायमचे. तुम्हाला बोलले नाहीत?"

"गेले?"

"पाच वेळा राजीनामा दिला होता त्यांनी. बायको आजारी असते. दर वेळी मी पाया पडून थांबवलं, कारण त्यांच्यानंतर बघणार कोण? शेवटी म्हणाले, माझ्यावाचून काम उरकणारा माणूस मीच निवडून देतो, मग तरी सोडा. तुमचे सगळ्यांचे इंटरव्ह्यू त्यांनी रेकॉर्डिंगवर बघितले."

"म्हणजे मला त्यांनी निवडलं?"

"हो लाह!" मिस लिम तिथल्या लकबीत म्हणाल्या. "माझी पसंती दुसऱ्याच मुलीला होती. सातांत तुम्ही शेवटचे होतात. पण ते तुमच्याच नावावर अडून बसले."

हेमचंद्रच्या ओठांवर हसू आलं. शेवटी म्हाताऱ्याला गुणांची पारख होती तर. "काय दिसलं त्यांना माझ्यात?"

मिस लिमने कुतूहलाने फाइल उघडली आणि त्याच्या नावासमोर रावसाहेबांनी लिहिलेला शेरा वाचून दाखवला.

"बाकीचे सहा जण हुशार आहेत. ते प्रश्न विचारतील आणि मला आणखी वर्षभर थांबावं लागेल. हा काहीही विचारणार नाही."