सतरावी पट्टी

ड्रॉवर अर्ध्यातच अडला, म्हणून ओडेसा प्रुइटने खाली हात घातला. बोटांना फोटोची पट्टी लागली. चिकटपट्टीच्या तुकड्याने ती ड्रॉवरच्या तळाला चिकटून बसली होती. कोपऱ्यातला आकडा ओडेसाने दोनदा वाचला. सतरा.

चंद्राभोवती फिरणारं यान वरच फिल्म धुवायचं आणि एकेक फोटो चिंचोळ्या पट्ट्यांत खाली पाठवायचं. व्हर्जिनियातल्या या लांबलचक खोलीत आठ बायका त्या पट्ट्या छपाईचे डाग जाईतो कापसाच्या बोळ्याने पुसायच्या, आकड्यांच्या क्रमाने जोडायच्या आणि अखंड चंद्र उभा करायच्या. एखादी पट्टी वरूनच यायची नाही. मग तिच्या जागी तपकिरी कागद लावून त्यावर ‘आली नाही’ असं लिहायचं. तीन आठवड्यांपूर्वी सतराच्या जागी ओडेसाने तेच लिहिलं होतं.

नेमकी त्याच फोटोत दुसऱ्या यानाची उतरायची जागा होती. दोन्ही बाजूंची जमीन सपाट, तेव्हा मधलीही तशीच असणार, असं धरून वरिष्ठांनी ती मंजूर केली होती. उतरणारं यान आता निम्म्या वाटेवर होतं. त्याचा मार्ग बदलायचा तर आज संध्याकाळी पाचच्या आत. घड्याळात सव्वातीन झाले होते.

तिने पट्टी खिडकीशी धरली. लहानमोठी विवरं, सगळी उथळ. आणि बरोबर मध्ये एक काळा ठिपका, त्याला डावीकडे लांब शेपूट.

“काय गं ते?” शेजारच्या टेबलावरच्या मेबेलने मान लांब केली. “अरे देवा! धोंडा आहे हा. सावली बघ केवढी पडलीय.”

“हळू बोल.”

“मी बोलतच नाहीये. मी बघितलंही नाही काही. आणि तूही बघितलं नाहीस. ठेव ती होती तिथे.”

“आणि यान त्याच्यावर आपटलं तर?”

“ते तिकडे आपटेल. तू सांगितलंस तर तू इथे आपटशील. तुझा नवरा गोदीत पाय मोडून घरी बसलाय, दोन पोरी शाळेत. खाणार काय, चंद्राची माती?”

मेबेलचं काही खोटं नव्हतं. घर ओडेसाच्या पगारावर चाललं होतं, आणि पट्टी गहाळ करणाऱ्या बाईला इथे कोणी ठेवून घेतलं नसतं. ड्रॉवर लावून टाकायचा मोह तिला झाला. पण आधीचं यान आपटलं तेव्हा या खोलीत कोणी दोन दिवस धड बोललं नव्हतं. ती उठली.

विवरं वाचणारे हॅलोरनसाहेब पाइप विझवत होते.

“साहेब, सतरावी पट्टी आली होती. माझ्याच हातून हरवली. आत्ता सापडली.”

हॅलोरननी पट्टी घेतली, भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ त्यांची मान वर झाली नाही.

“पुसलेली आहे ना?”

“आम्ही प्रत्येक पट्टी पुसतो, साहेब.”

“नवी छापून घ्यायला किती वेळ लागेल?”

“यानाचे संदेश साठवलेली टेप शोधण्यापासून सुरुवात. आठ तरी वाजतील.”

“म्हणजे उपयोग नाही.” त्यांनी भिंग खाली ठेवलं. “एवढं धूड एकटं नसतं. आसपास आणखी असणार.” मग फोन उचलला आणि पलीकडच्याला शांतपणे सांगितलं, “जागा बदला. पश्चिमेकडची दुसरी घ्या.” फोन ठेवल्यावर ते ओडेसाकडे वळले. “तुझं काय करायचं ते उद्या बघू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता सगळी इमारत व्हरांड्यातल्या ध्वनिक्षेपकाखाली जमली होती. उंचीचे आकडे उतरत गेले. मग नुसती खरखर. ओडेसाने मेबेलचा दंड इतका घट्ट धरला की ती कळवळली. आणि आवाज आला, यान उभं आहे, सगळं शाबूत.

माणसं ओरडत सुटली. ओडेसा जिन्याच्या पायरीवर बसली आणि लहान पोरीसारखी रडली. किती दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं. हॅलोरनसाहेब गर्दीतून वाट काढत आले.

“काल तू गप्प बसली असतीस तर आज आपण तुकडे शोधत असतो,” ते म्हणाले. “संचालकांचं पत्र येईल तुला. कौतुकाचं. चूक पोटात घातली आम्ही.”

“मी म्हटलंच होतं तिला, सांगून टाक म्हणून,” मेबेल पुढे होऊन म्हणाली.

दुपारी ओडेसाने तो जुना फोटो टेबलावर पसरला. आता दफ्तरात जाण्याआधी तो पुरा करायला हवा होता. ‘आली नाही’ लिहिलेला कागद तिने सोलून काढला आणि टोपलीत टाकला. उरात तीन आठवडे काही अडलं होतं हे तिला ठाऊकही नव्हतं, पण ते सुटल्यासारखं वाटत होतं. ती मनाशी गुणगुणत होती. हॅलोरनसाहेबांकडून परत आलेली सतरावी पट्टी तिने समोर घेतली, हाताच्या सवयीने बोळा ओला केला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला.

धोंडा पुसला गेला, सावलीसकट.