धार
अर्धांगवायूच्या झटक्यानं धोंडुबाईंचा उजवा हात लुळा पडला, आणि त्यांची म्हैस दुसऱ्या कुणाला नीट धार काढू देईना. सून वर्षाराणीनं आठवडाभर लाथा खाल्ल्या आणि शेवटी म्हैस विकायचं ठरवलं.

आज बिद्रीहून पावणे म्हैस बघायला आले. त्यांना घेऊन ती गोठ्यात शिरली, तर धोंडुबाई चरवी गुडघ्यांत धरून डाव्या हातानं धार काढत बसलेल्या. लुगडं दुधानं भिजलेलं, चरवीचा तळ जेमतेम झाकलेला.

"पावणं, चा पिऊन जावा. म्हैस इकायची न्हाय," मान वर न करताच त्या म्हणाल्या.

वर्षाराणीला भडभडून आलं. "आत्याबाई, कशाला जिवाचे हाल करून घेताय? उजवा हात गेलाय की तुमचा!"

"गेला तर जाऊ दे. लई राबला त्यो." धोंडुबाईंनी पुन्हा कासेला हात घातला. "ह्यो डावा मातूर साठ वर्सं नुसती चरवी धरून बसलाय. आत्ता कुठं कामाला लावलाय त्याला. शिकंल की!"